ळ शिकवला नाही

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आज रविवार आहे, बाहेरच्या खोलीत आत्याबाई वाचत बसल्यात — आणि मला फार भीती वाटतेय.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पासष्टी उलटली, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. सासरे वारल्यावर एक दिवस म्हणाल्या, "लता, मला वाचाया शिकीव." नाही कसं म्हणायचं? कडा गावच्या बाजारातून अंकलिपी आणली. तेव्हापासून दर शनिवार-रविवारी नवरा पाळीवर गेला की घराची शाळा होते. मी मेथी निवडते, त्या बोट ठेवून वाचतात. चहाचा पुडा, कालचा पेपर, जे हाताला लागेल ते. शेजारणी म्हणतात, सून असावी तर अशी! मी हसते आणि पुन्हा मेथीत मान घालते.

भीती कशाची? खरं सांगू — एका अक्षराची. सगळी अक्षरं शिकवली, ळ तेवढा शिकवला नाही. "तो शेवटी असतो, घाई काय," म्हणत राहिले. पेपरात 'शाळा' आलं की मीच पटकन वाचून टाकायची. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

अठरा वर्षांपूर्वी माझ्या नणंदेनं, सुमननं, आपल्या मर्जीनं लग्न केलं. सासऱ्यांनी तिचं नाव टाकलं. घरात फोन एकच, तोही त्यांच्या खिशात. मग पंचमीच्या आधी तिचं पत्र आलं. घरात आम्ही दोघीच होतो. आत्याबाईंनी ते माझ्या हातात दिलं आणि पदर तोंडाला लावून समोर बसल्या.

चारच ओळी. मी बरी आहे. माणूस चांगला आहे. आणि पुढं — पंचमीला मुराळी धाड. तो आला तर समजेन, तू सगळं पोटात घातलंस. न आला तर तुला लेक नव्हतीच असं समज.

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारं माणूस. तो आल्याशिवाय आमच्याकडं लेक सणाला येत नाही, मग जीव कितीही तुटो. हे मला कुणी सांगायला नको होतं. त्याच आठवड्यात माझ्या भावाचा निरोप आला होता — यंदा न्यायला जमणार नाही. मी दोन दिवस चुलीपुढं रडत होते. आणि ही, घर सोडून गेलेली, हिला मुराळी? मी जळाले. दुसरा शब्द नाही. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पत्राची घडी घातली.

"यायचं काय लिवलंय का गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

एवढंच. मुराळी गेला नाही. सुमन आली नाही — बाप गेला तेव्हाही नाही. दर पंचमीला आत्याबाई म्हणतात, माझ्या लेकीचं काळीज दगडाचं हाय. मी मान डोलावते. अठरा वर्षं डोलावतेय. त्या रडल्या तर पाणी आणून देते. अशी कशी मी?

पत्र त्यांनी तेव्हाच मागून घेतलं, पोथीत ठेवलं. मघाशी मी शेंगा फोडत होते, तर त्यांनी पोथी काढली आणि पत्र उलगडलं. मला धास्ती होती तेच; त्या वाचायला शिकल्या त्या ह्यासाठीच. हिसकावून घ्यावं? चष्मा लपवावा? — होय, तेही मनात आलं. मी उठून स्वयंपाकघरात आले. इथून त्यांचा आवाज ऐकू येतो. मी ब-री आ-हे. एकेक अक्षर, सावकाश. माणूस चां-ग-ला. मध्ये डोळे पुसत असाव्यात, कारण थांबतात.

आता तिसरी ओळ. पं-च-मी-ला. मु. रा.

थांबल्या.

"लता, ह्यो दोन गोळ्यांचा कोंचा गं?"

मी दारात येऊन उभी राहते. त्या चष्म्यावरून माझ्याकडं बघतायत, बोट अक्षरावर.

"ळ," मी म्हणते. "पोळीतला ळ."

त्या मान हलवतात, आणि बोट पुन्हा मु वर नेतात.