मरियाची पांढरी वाईन

मरिया गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. उरलेली पाखडली आणि मगच भिंगारला निघाले. मरिया माझी धाकटी नणंद. तिनंही तेच केलं असतं. त्याला आता महिना होऊन गेला. लोक तिला चांगली म्हणतात... गेलेल्या माणसाला सगळेच चांगलं म्हणतात. मी आपली तिच्या हाताच्या चवीबद्दल सांगते, ते मला ठाऊक आहे.

दर उन्हाळ्यात ती बेलापूरकडची फिकट हिरवी द्राक्षं आणून कुस्करायची, साली लगेच गाळून काढायची आणि रस साखर घालून बरणीत मुरवायची. दारूबंदीचं विचारू नका. आमच्या ख्रिस्ती वस्तीत सणासमारंभाला घोटभर वाईन घरोघरी असायची. पण इतरांची गडद आणि गोडमिट्ट. मरियाची कडब्याच्या रंगाची, आंबटसर. आणि ती कशाबरोबर द्यायची याबाबत बाई फार हट्टी. तळलेल्या माशाबरोबर चालेल, ओल्या हरभऱ्याबरोबर चालेल. काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर कोणी मागितली तर समोरचा पेला उचलून न्यायची. "तिखटानं तोंड भाजलं तर पानी प्या की. माजी वाईन कशाला नासवता?" माझ्या नवऱ्याला, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाला, तिनं हे भर पंगतीत सुनावलं होतं.

दुष्काळाच्या साली तिच्या मुलीचं, रूथचं लग्न ठरत होतं. मुलगा बेलापूरचा, रूथला मनापासून पसंत. पण मुलाच्या आईला या विधवा बाईचं घर बघायचं होतं. सगळं तिच्या होकारावर अडलेलं. पाहुण्यांपुढे वाईन आणि तळलेला मासा ठेवायची मरियाच्या घरची रीत. वाईन होती, मासा कुठून आणणार? नद्यांची डबकी झालेली, मासेवाली कधीच यायची थांबलेली. घरात होता रेशनचा तांबडा मिलो. अमेरिकेची ती ज्वारी, भाकरी थापावी तर तुटायची आणि खावी तर घशात अडकायची. मरियानं त्याचं पीठ ताकात भिजवलं, कांदा आणि भाजलेली सुकट घातली आणि तव्यावर लहान लहान कुरकुरीत धिरडी काढली.

"मरिये, येडी झालीस का? पाव्हन्यांना रेशनचं घालतीस? पोरगी घरात बसंल."

"तेबी तेच खात्यात, वैनी. फकस्त सांगत न्हाईत."

"मग तूबी सांगू नको."

ऐकेल तर शपथ. ताटली पुढे ठेवतानाच म्हणाली, "मासा मिळाला न्हाई. मिलोची धिरडी हायेत. आधी घास घ्या, मग घोट."

मुलाची आई ताटलीकडे बघतच राहिली. रूथ तांब्या घेऊन दारातच थांबली. मग बाईंनी एक घास घेतला, एक घोट घेतला... पुन्हा घास घेतला.

"आमच्यात पाव्हनं आलं की मी मिलोचं पोतं खाटंखाली ढकलती," त्या म्हणाल्या. "तुमी तर ताटातच वाढला! सुकट किती घातली वो?"

"अगं, आधी पोरीचं बोल," मुलाचा मामा वैतागला.

"पोरगी आपलीच की आता. तुमी सुकटीचं सांगा, विहीणबाई."

पुढं पाऊस झाला, मासे आले, मिलो बंद झाला. कोणी रडलं नाही त्याच्यासाठी. मरिया धिरडी चांगल्या ज्वारीची करायला लागली. मला विचाराल तर मिलोचीच जास्त जमायची... पण तेवढ्यासाठी दुष्काळ कोण मागेल?

गेल्या रविवारी आम्ही तिचं घर आवरायला गेलो. स्वयंपाकघरात यंदाची बरणी तशीच होती, तोंडाला तिनंच बांधलेलं फडकं. रूथ म्हणाली, आईची आठवण म्हणून राहू दे. मी म्हटलं, "ठेवलीस तर आंबून शिरका हुईल. पेले काढ." तिनं गाठ सोडली. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या सासूबाईंनी हात आडवा केला.

"नुसती न्हाई प्यायची. आधी तवा ठेवा."

मी उठले आणि स्टोव्ह पेटवला.