अंड्याला डोळा लावणारी

जमनाआत्या अंडं फोडण्याआधी ते डोळ्याला लावायची. उजवा डोळा मिटायची, अंड्याचा रुंद भाग पापणीवर टेकवायची आणि श्वास धरून बसायची. डावा डोळा मात्र उघडाच असायचा. तिच्या घरी राहायला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तेव्हा दारातून धुकं आत आलं होतं. आत्या चुलीपाशी उकिडवी बसली होती आणि तो उघडा डोळा माझ्याकडे बघत होता. कधीपासून बघत होता कोण जाणे. मी उठून बसले तरी ती हलली नाही. मग अंडं खाली घेऊन म्हणाली, "निजलंय. ह्ये चालंल," आणि वाटीच्या काठावर फोडलं.

मला हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, आणि आत्याचं बोलणं त्या बोलीशिवाय लिहिलं तर ती आत्या राहत नाही. म्हणून वाचणाऱ्याला समजेल इतपत बदलून, बाकीचं तिचंच ठेवते.

आमचा पाडा मोखाड्याच्या बाजूला आहे. जव्हारच्या कॉलेजात नाव घातलं, पण मुलींच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी माझा नंबर लागला नाही. बाबांना आठवलं की त्यांची एक लांबची बहीण जव्हारला बाजाराच्या मागच्या उतारावर एकटी राहते. ते मला घेऊन गेले. कुडाचं घर, वर पत्रे, मागे कोंबड्यांचं खुराडं. बाबांनी सांगितलं ते सगळं आत्याने ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, "अंडं खातीस ना?"

सकाळच्या न्याहारीला ती जे करायची त्याला ती 'वाट्या' म्हणायची. शिरपामाळकडे फिरायला येणाऱ्या लोकांसाठी एक छोटं राहण्याचं घर होतं, तिथे ती पूर्वी भांडी घासायला जायची. त्या घरच्या बाईंकडे केक करायचा सहा खळग्यांचा पत्रा होता. त्यांनी ते घर बंद केलं तेव्हा पत्रा आत्याला दिला. भट्टी नव्हती, म्हणून आत्याने आपली तऱ्हा काढली. जुन्या पातेल्यात चार बोटं वाळू घालून ती चुलीवर तापवायची. पत्र्याला तेलाचं बोट फिरवायचं, तळाला नाचणीची शिळी भाकर कुस्करून घालायची, त्यावर कांदा, मिरची, शेवग्याचा पाला आणि मीठ घालून घुसळलेलं अंडं. पत्रा वाळूवर ठेवायचा, वर जड झाकण, झाकणावर निखारे. मग ती हात मांडीवर ठेवून बसायची. घड्याळ बघायची नाही. वास बदलला की सांडशीने झाकण उचलायची. वाट्या पिवळ्याधमक फुगलेल्या असायच्या, कडा तांबूस, आणि आपण बघता बघता हळूच खाली बसायच्या. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा जीभ पोळली, तरी थांबले नाही. आत्या म्हणाली, "थांब जरा. ते कुठं पळून जातंय?"

डोळा लावण्याबद्दल मी विचारलं तेव्हा तिने सरळ उत्तर दिलं. अंडं तीन तऱ्हेचं असतं: निजलेलं, जागं, आणि जागं होऊन गेलेलं. फोडायचं ते फक्त निजलेलं. जागं असेल ते उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली परत ठेवायचं. दुकानातली पांढरी अंडीही ती एकदा डोळ्याला लावून बघत होती. त्यांच्याबद्दल म्हणाली, "ही कधी जागी होणारच नव्हती. ह्यांचं काय बघायचं," पण म्हणताना तिला त्यांची कीव आल्यासारखं वाटलं. हातात धरून, उजेडापुढे धरून का बघत नाहीस, असंही मी विचारलं. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: "उघडा डोळा भुलतो. मिटलेला नाय भुलत."

मला शाळेत विज्ञान आवडायचं. मी तिची परीक्षा घेतली, हे सांगायला आता संकोच वाटतो. दिवाळीच्या सुट्टीहून येताना घरून दहा अंडी आणली. त्यातली तीन खुडूक कोंबडीखालून काढली होती. आईला सांगितलं नाही. त्या तिन्हींना खालून पेन्सिलीचा बारीक ठिपका दिला आणि नाचणीच्या पिठाच्या डब्यात सगळी पुरून आणली. जीपमध्ये दोन तास आणि आत्याच्या घरी रात्रभर, म्हणजे सकाळपर्यंत सगळी सारखीच गार. आत्याने एकेक डोळ्याला लावलं आणि तीन बाजूला काढली. ठिपक्याचीच तीन. मग आणखी एक उचललं, बराच वेळ धरलं आणि हळूच जमिनीवर ठेवलं. ते मी ठिपक्याशिवाय आणलं होतं, आईच्या खायच्या अंड्यांतलं; कोंबडीखालचं एखादं त्यात मिसळलं असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"ह्ये होतं," ती म्हणाली. "आता नाय."

ती मागे पाणी आणायला गेली तेव्हा मी ते अंडं घराच्या कोपऱ्याशी नेऊन फोडलं. आत पिल्लू होतं. ओली पिसं, मिटलेले डोळे, पूर्ण झालेली चोच. मी तशीच उभी राहिले. मागून आत्याचा आवाज आला, "विचारलं व्हतंस का त्याला?" ती रागावली नव्हती. तिने हाताने खड्डा केला, ते पुरलं आणि आत जाऊन वाट्यांचं झाकण उचललं. त्या दिवशी मी खाल्लं नाही. तिने आग्रहही केला नाही.

बाजारात आत्या एक विचित्र गोष्ट करायची. समोरून एखादी पोटुशी बाई आली की ती पदर ओढून उजवा डोळा झाकून घ्यायची. बायकाही तिला बघून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जायच्या. एकीने तर पोटावर पिशवी धरली होती. मला वाटायचं, काही जुनं भांडण असेल.

खरं काय ते शेजारच्या शेवंताकाकूंनी नळावर सांगितलं. "तिच्या हातचं खातेस? खा बाई. पोट भरलं की झालं तुमचं," त्या म्हणाल्या. मग हंडा भरेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. आत्या तिच्या सासरच्या पाड्यावर सुईण होती. अंड्याला लावायची तोच डोळा बाईच्या पोटाला लावायची. पंचवीस-तीस वर्षं तिने बाळंतपणं केली, लोक लांबून बोलवायला यायचे. मग एका लग्नात, हळदीच्या गर्दीत, दिवस गेलेल्या एका सुनेला तिचा धक्का लागला. आत्या थबकली आणि कुणी विचारलेलं नसताना सगळ्यांसमोर म्हणाली, जागं होऊन गेलंय. चौथ्या दिवशी त्या बाईला मेलेलं मूल झालं. लोक म्हणाले, हिच्या डोळ्याने खाल्लं. तिचं सामान पाड्याच्या वाटेवर आणून टाकलं. नवरा दारात उभा राहिला, पण बोलला नाही. ती चालत जव्हारला आली.

हंडा डोक्यावर घेता घेता काकू म्हणाल्या, "तुझी बहीण दिवसातली ना गं? तिला नको आणूस हिच्याकडे."

माझा विश्वास बसला नाही. पण मनातली शंका पूर्ण गेलीही नाही, हे मला कबूल करायला हवं. कमळताईने आठवीत शाळा सोडली ती मला शिकता यावं म्हणून. आईबाबा कामावर जायचे आणि धाकटी भावंडं ताईने सांभाळली. लग्नानंतर पाच वर्षांनी तिला दिवस गेले होते. आठवा महिना संपत आला होता. ती जव्हारला बाजाराला येणार आणि रात्री माझ्याकडे राहणार, असा फोन आला तेव्हा मी आत्याला गाठलं. ती भाकर कुस्करत होती.

"आत्या," मी म्हटलं, "ताईला डोळा लावू नकोस. काही कळलं तरी बोलू नकोस. शब्द दे."

तिचा हात थांबला. तिने मला, कोणी सांगितलं, असं विचारलं नाही. "बरं," ती म्हणाली. "शब्द दिला."

ताई दुपारी आली ती हसतच. ती आली की घरात चार माणसं आल्यासारखं वाटतं. आत्याने पदर उजव्या डोळ्यावरून घेतला होता आणि तो काढलाच नाही. "आत्या, डोळा आलाय का?" ताईने विचारलं. आत्या मान हलवून कामाला लागली. ताईने माझी पुस्तकं चाळली, वाट्यांचा पत्रा उलटा करून बघितला, म्हणाली, "कॉलेजात जाऊन अंड्याला खळग्यात घालायला शिकलीस होय." संध्याकाळी पाय पसरून बसली आणि पोटावर हात ठेवून सहज म्हणाली, "परवापर्यंत नुसतं नाचत व्हतं. आज शहाणं झालंय बघ, गप बसलंय."

मी हसले. आत्या हसली नाही. तिच्या हातातली ताटली खाली ठेवल्याचा आवाज झाला, एवढंच. तपासणीची तारीख पुढच्या सोमवारी होती. घरी नाचणी कापणीला आली होती, म्हणून ताई सकाळच्या पहिल्या जीपने परत जाणार होती. जीपवाला ओळखीचा होता, उतारावर थांबून हॉर्न देतो म्हणाला होता.

सकाळी आत्याने सहा अंडी घेतली, माणशी दोन. त्या दिवशी तिने एकही अंडं डोळ्याला लावलं नाही. दुकानातली पांढरी अंडी होती. पत्रा वाळूवर ठेवला, झाकणावर निखारे घातले आणि ती ताईच्या समोर येऊन बसली. ताई केस विंचरत होती. बाहेर धुकं एवढं दाट होतं की खुराडं दिसत नव्हतं, नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मला आधी अंड्याचा वास आला, मग भाकरीचा, मग करपल्याचा. आत्या उठली नाही. इतक्या महिन्यांत तिच्या वाट्या एकदाही लागल्या नव्हत्या. मी हाक मारली. ती ताईच्या पोटाकडे बघत बसली होती. मग तिने पदर ओढून दुसराही डोळा झाकून घेतला.

मी धावत जाऊन सांडशीने झाकण काढलं. सहाही वाट्या काळ्या ठिक्कर. "वा, आज कोळसे," ताई म्हणाली. उतारावरून हॉर्न वाजला. ताई उठायला लागली, एका हाताने भिंतीला धरून, दुसऱ्या हाताने पोट सावरत, आणि क्षणभर तिने तो हात पोटावर दाबून धरला, जसं आपण झोपलेल्या माणसाला हलवतो.

हॉर्न पुन्हा वाजला.

"आत्या," मी म्हटलं, "बघ."

"नीट सांग." पदराआडून तिचा आवाज आला. "कुणाला? काय?"

"ताईला. डोळा लाव. मी शब्द मागे घेते."

पदर लगेच खाली आला. ताईला काही कळायच्या आत आत्याने तिला खाली बसवलं, तिच्या पोटाभोवती दोन्ही हात धरले आणि उजवी पापणी टेकवली. डावा डोळा उघडा होता. ताई पहिल्यांदा हसली, मग तिने माझ्याकडे बघितलं. आत्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकली, तिसऱ्या जागी थांबली. खूप वेळ थांबली. मी त्या वेळात देवाला काय काय कबूल केलं, ते आठवत नाही.

"जागं हाय," ती म्हणाली. "पण दमलंय. जीपवाल्याला सांग, घरी नाय, दवाखान्यात. पळ."

डॉक्टरांनी ठोके बघितले आणि अर्ध्या तासात ऑपरेशनला घेतलं. नाळेचे मानेला दोन वेढे होते. मुलगी झाली. निळसर होती, मग रडली. डॉक्टर म्हणाले, घरी परत नेली असती तर काही उरलं नसतं. आत्या आमच्याबरोबर फाटकापर्यंत आली होती. मी सांगायला बाहेर गेले तेव्हा ती तिथे नव्हती.

ताईच्या सासूला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, आधी त्या बाईच्या घरी उतरलीच का. ताईने ऐकलं नाही. दोन महिन्यांनी मुलीला दाखवायला घेऊन आली. आत्याने वाट्या केल्या, ताईला चार खायला लावल्या, पण मुलीला मांडीवर घेतलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. ताईने आग्रह केला तेव्हा म्हणाली, "मी भेटलेय तिला. तुमच्या आधी."

दुसऱ्या वर्षी वसतिगृहात माझा नंबर लागला. त्या वर्षीच्या थंडीत आत्या चार दिवसांच्या तापाने गेली. मी परीक्षेत होते, मला उशिरा कळलं. शेवंताकाकूंनी कोंबड्या नेल्या होत्या.

तिला शेवटची भेटले ती रविवारची सकाळ होती. ती चुलीवर वाळू तापवत होती. इतके महिने मनात होतं ते मी विचारलं, ताई पोटावर हात ठेवून बोलली त्या संध्याकाळीच तुला कळलं होतं का.

"हां," ती म्हणाली. "बोलली तवाच."

"मग रात्रभर का थांबलीस?"

"तू शब्द घेतला व्हतास. आन मी एकदा विचारल्याबिगर बोलले व्हते."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. मी सकाळीही बोलले नसते तर?

आत्याने एक अंडं उचललं आणि पापणीला टेकवलं. उघडा डोळा माझ्याकडे होता.

"तर जीपनं गेली असती ती," ती म्हणाली. "मी काय करणार? सहा अंडी जाळून सांगितलं तुला."