चोपण

पर्यावरण घेऊन बी.एस्सी. करायचं म्हटल्यावर गावात सगळ्यांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. बारावीपर्यंत पर्यावरण म्हणजे एक प्रकल्पवही. मागच्या वर्षीच्या पोरीची मागायची, उतरवायची, सरांची सही घ्यायची, संपलं. त्या वहीची कुणी डिग्री करतं का? आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकच वर्ष दिलं. पास झालीस तर पुढे, एक विषय जरी राहिला तरी कॉलेज बंद. आबा बोलले म्हणजे बोलले. आणि मी त्यांचीच लेक.

रोज सकाळच्या एसटीने साक्री रस्त्यावरून धुळ्याला यायचं, तिथून देवपुरात कॉलेजला. शिकवणं सगळं इंग्रजीत. लेखी पेपर मी घोकंपट्टी करून काढले. राहिली तोंडी परीक्षा, आणि तिथे घोकंपट्टी काय कामाची?

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मातीची बरणी पुढे ठेवून इंग्रजीत काहीतरी विचारलं. 'सॉइल' तेवढं कळलं. माझी दातखीळच बसली. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या मुलीला पाठवायला सांगितलं.

दारापर्यंत गेले आणि असा संताप आला म्हणता! त्यांचा नाही, माझाच. जन्म मातीत गेला आणि बरणीभर मातीपुढे मुकी झाले? तशीच मागे फिरले. म्हटलं, "सर, मराठीत विचारा. मला येतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग विचारलं, ही माती कोणती. मी चिमूटभर तळहातावर घेतली, पाण्याचा थेंब टाकून चोळली. तोंडातून घरची बोलीच निघाली, "हाई चोपण शे."

प्रयोगशाळेतले शिपाईभाऊ हसले. कान तापले माझे, पण आता थांबते कशाला? सांगितलं की ही ओली झाली की साबणासारखी बुळबुळते आणि वाळली की दगड. पाणी मुरत नाही, वर खपली धरते, कपाशीचा कोंब आतच मरतो. नदीकडचं आमचं अर्धं शेत असंच आहे. त्यांनी उपाय विचारला. चर खोदून पाणी काढायचं, जिप्सम टाकायचं, धैंचा पेरून हिरव्या खतासाठी गाडायचा, सगळं सांगितलं. निघताना म्हटलं, बाहेर अजून चौघी उभ्या आहेत, त्यांनाही मराठीतच विचारा. उद्धटपणाच होता तो. मला त्याचा आजही पस्तावा नाही.

आम्ही पाचही जणी पास झालो.

निकालाच्या दिवशी आबा बांधावर होते. पास झाले म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तोंडीला काय विचारलं होतं? मी सांगितलं. आबांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून हातात चुरलं. मग म्हणाले, "माती विचारली? मंग तर मी बी पास झालो असतो."

आणि दुसऱ्या वर्षाचा अर्ज कधी भरायचा, ते विचारलं.