पायाला कळणारा गोठा

काचबिंदूनं माझी नजर नेली, आणि आमच्या यांनी पहिला विषय काढला तो म्हशी विकायचा. "आता तुला कसं जमंल गं?" म्हणाले. लई राग आला मला. डोळे गेले होते, हात कुठं गेले होते? दोन्ही म्हशी यांच्या हाताला पान्हा चोरायच्या, ते बरं विसरले! तरी यांनी देवगाव रंगारीच्या एका व्यापाऱ्याला सांगूनही ठेवलं.

शेतातला जुना गोठा पडायला आलेला, नवा बांधायचाच होता. मी म्हटलं, "मी सांगन तसा बांधा. त्यात मी एकटीनं धार काढली तर म्हशी राहतील. नाय जमलं, तर खुशाल विका." हे कबूल झाले.

मावळतीकडून उन्हाळ्यात झळा येतात, म्हणून त्या अंगाला भिंतीऐवजी तुराट्यांचा कूड सांगितला. त्यावर पाणी मारलं की गालाला गार लागतं आणि मी कुठं उभी आहे ते कळतं. वैरण एकाच कोपऱ्यात, म्हणजे वासावर जाता येईल. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरायला लावलं. यांना वाटलं, उन्हासाठी. होतंच ते, पण पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मला म्हशीचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही, आणि तेव्हा मी खरी आंधळी होते. चालायच्या वाटेला खडबडीत जमीन आणि म्हशींखाली मुरूम, हे मात्र मी दहादा बजावलं.

काम झाल्यावर बघायला गेले, तर पाय सरकन घसरला. सगळीकडं एकसारखा, घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा कोबा! मला ठेच लागू नये म्हणून यांनीच तसं सांगितलेलं. गवंडी चाचा खुशीत म्हणाले, "भाभी, एकदम चकाचक! पाँव अटकेगाच नई."

मी तिथंच मटकन बसले आणि रडले. "अहो, अडकू द्या की मला! पायाला काही लागलंच नाही तर मी जाऊ कुठं?"

मग चाचांनी छिन्नी काढली. "रोना नको भाभी," म्हणाले, आणि वाटेवरच्या कोब्याला टाचे मारून तो खरबरीत केला. म्हशींखालचा कोबा यांनी स्वतः फोडला आणि मुरूम भरला.

व्यापारी यायचा होता त्या सकाळी बादली घेऊन मी एकटी निघाले. तळपायाला टाचे लागत गेले, मग मुरूम लागला. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, कास धुतली, बसले. म्हैस काही पान्हवेना. "अगं बाई, तू तरी माझा अंत पाहू नको," मी म्हटलं आणि तिला गोंजारत राहिले. हळूहळू सडं भरली आणि धार बादलीत वाजली. इतका आनंद झाला की हसू आणि रडू एकदमच आलं.

बादली भरत आली तेव्हा बाहेर टेम्पो थांबला. यांचा आवाज अगदी माझ्या पाठीमागून आला. म्हणजे हे सारा वेळ श्वास रोखून तिथंच उभे होते!

"या भाऊ, चहा घ्या," हे त्याला म्हणाले. "पण म्हशी विकायच्या नाय. मालकीण देत नाय."