घानाच्या मुलांना माउस काय दाखवता?

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लगेच लिहितेय.

माझ्या ऑफिसातली अबेना मूळची घानाची. तिची बहीण तिथे कुमासी शहरात मुलांचा सुट्टीतला कॅम्प चालवते. "तुमच्या आयटीवाल्यांपैकी कुणी झूमवर तासभर शिकवेल का?" असं अबेनाने विचारलं आणि मी आपल्या ग्रुपमधल्या नितीनला गळ घातली.

आज संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, तो इथे ऑस्ट्रेलियात, ब्लॅकटाउनला माझ्या घरी लॅपटॉप घेऊन बसला. पहिलीच स्लाइड: 'हा माउस. हा कीबोर्ड.' तेही तान्ह्या बाळाशी बोलावं तसं, एकेक शब्द तोडून! अरे, तिथली शाळा इंग्रजीतून चालते. इंग्रज त्यांच्याही डोक्यावर बसले होते. आपल्यानंतर दहा वर्षांनी त्यांनी हाकलले.

मी म्हटलं, "थेट कोडिंगवर ये ना." तर म्यूट करून मला म्हणतो, "अगं, आफ्रिका आहे. बेसिकपासूनच घ्यावं लागतं."

हाच नितीन गेल्या महिन्यात गोरा मॅनेजर "युअर इंग्लिश इज सो गुड, मेट" म्हणाला म्हणून दोन दिवस धुमसत होता!

पोरं बिचारी शिस्तीत ऐकत होती. त्यांच्या मागच्या टेबलावर त्यांनीच बनवलेला रोबो उभा होता. शेवटी दहाएक वर्षांच्या एका मुलीने हात वर केला आणि अगदी अदबीने विचारलं, "सर, ऑस्ट्रेलियात कॉम्प्युटर आत्ताच आलेत का?"

नितीनने घाईघाईने माउसची स्लाइड बंद केली. तुम्हाला उत्तर सुचतंय?