अक्कांच्या शेजारची जागा

लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या अण्णा तर्जनी वर करायचे. नवीन भाडेकरू बिचारा पहिल्या मजल्याचं बटण दाबायचा. "अय्यो, मजला नाही हो," अण्णा म्हणायचे, "देव! मार्ग कुठलाही घ्या, वस्तू एकच." त्यांचा मजला अकरावा. तोवर उपनिषदं, सूफी, झेन, सगळं आटोपलेलं असायचं.

असा एक माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीतला हा, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. घराणं तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याहून इकडे कानडी मुलखात आलेलं; मराठीत कानडी पार मुरलेली. मी पडले पुण्याची. वाद घातल्याशिवाय मला घास पचत नाही. दर रविवारी त्यांच्याकडे कॉफीला जाऊन मी म्हणायचे, "अण्णा, सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर एकाही रस्त्यावर चार पावलं चालला नाहीत." खरंच, स्वतः ना कधी हात जोडायचे, ना उपास करायचे. "स्वल्प थांबा, सांगतो," म्हणून तासभर बोलायचे.

आत अक्कांची पूजा चालू असे. अक्का म्हणजे त्यांची बायको. लिंगायत घरातली; लग्न कारखान्यातच जमलेलं. रोज आंघोळ करून गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग त्या डाव्या तळहातावर घेत, बेल वाहत आणि गप्प बसून राहत. बाहेर आल्या की नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणत, "मातु जास्ती." फार बोलतो म्हणून! अण्णा लगेच गप्प. मला त्या फार आवडायच्या.

त्या गेल्या तेव्हा अण्णांचा पुतण्या पुण्याहून आला आणि लगेच व्यवस्थेला लागला. लिंगायतांत पुरतात, त्यांची स्मशानभूमी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाटेत हे ट्रॅफिक. तो म्हणाला, "काका, विद्युतदाहिनी इथे जवळ आहे. आणि तुम्हीच सांगता ना, सगळे मार्ग सारखेच? मग अग्नी काय नि माती काय!"

अण्णांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मार्ग तिचा आहे," ते म्हणाले. "तो बदलणारा तू कोण? आणि मी तरी कोण?" अक्कांना त्यांच्या रीतीने बसवून, तळहातावर लिंग ठेवून मातीत ठेवलं.

पंधरा दिवसांनी भेटायला गेले, तर अण्णा म्हणाले, "ती मातीत. माझी राख होणार. मग भेट कुठे व्हायची हो?"

मी आपली वेड्यासारखी म्हणाले, "अण्णा, सगळे एकाच ठिकाणी पोचतात ना?"

"ते सांगायला बरं होतं," ते म्हणाले. "ती आत पूजेला बसलेली असायची तेव्हा."

मला रडूच आलं.

मग त्यांनी अक्कांच्या शेजारची जागा मागितली. तिथले लोक म्हणाले, लिंग धारण केलेल्यालाच मिळते. झालं! या पठ्ठ्याने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अक्कांच्या मठात जाऊन दीक्षा घेतली. मी म्हटलं, "अण्णा, जागेसाठी दीक्षा? ही तर लबाडी झाली."

"सुरुवात लबाडीनेच झाली," ते हसले. "आता रोज बसतो. डोळे मिटले की देव कुठला, तीच दिसते."

त्यानंतर दर रविवारी मी बाहेर कॉफी घेऊन बसायचे. आत अण्णा तळहातावर लिंग घेऊन बेल वाहायचे, आणि अर्धा अर्धा तास तोंडातून शब्द नाही. खरं सांगते, त्यांच्या त्या बडबडीवाचून मला करमायचं नाही.

यंदा अण्णाही गेले. पुतण्या आला. या खेपेला त्याने काही सुचवलं नाही. निमूटपणे गाडीत बसला आणि दोन तास ट्रॅफिकमधून आमच्याबरोबर आला.

सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात का? मला अजूनही ठाऊक नाही, आणि वाद घालायला आता समोर कुणी नाही. पण अण्णा कुठे आहेत ते पक्कं ठाऊक आहे. अक्कांच्या शेजारी, मांडी घालून बसलेत.