भिंतीपलीकडचा खोकला

भांडुपच्या चाळीत आमच्या आणि शेजारणीच्या खोलीमध्ये एकच पातळ भिंत होती. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात, लोखंडाच्या कांबा तापवणाऱ्या भट्ट्यांवर कामाला. भट्ट्या काळ्या तेलावर चालायच्या. सकाळी इकडे आमचे हे खोकायचे, तिकडे तिचा नवरा. दोघांचे रुमाल काळे. त्यामुळे आम्हा दोघींचं छान जमायचं.

मग ऐंशीनंतर कधीतरी कंपनीने एक भट्टी गॅसवर घेतली. धूर कमी करा म्हणून वरून तगादा होता म्हणे. त्या भट्टीवर नेमलं कुणाला, तर शेजारणीच्या नवऱ्याला. ज्याला आमच्या ह्यांनी हाताला धरून काम शिकवलं, त्याला! काही महिन्यांत भिंतीपलीकडचा खोकला बंद झाला.

तिने टीव्ही घेतला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण ती सकाळची शांतता सहन होईना. इकडे हे वाकून वाकून खोकतायत, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि पलीकडे नुसता कपबशांचा आवाज. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा ती सहज म्हणाली, "आमच्यांचा खोकला पळालाच बघ. तुझ्या ह्यांना पण सांग ना, गॅसवर जा म्हणावं."

जसं काही भाजी आणायला जायचंय! मी म्हटलं, "आमच्यांना बाई धुराची सवय आहे. गॅसबिस नाजूक लोकांना."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात भट्ट्यांची पूजा असायची, घरच्यांनाही बोलवायचे. पहिला नारळ नेहमी सगळ्यात जुन्या भट्टीपुढे, आमच्या ह्यांच्या हातून फुटायचा. त्या वर्षी तो गॅसच्या भट्टीपुढे फुटला. शेजारीण आरतीचं ताट धरून पुढे, आणि आम्ही मागे भिंतीला टेकून. मी प्रसादाचा पेढासुद्धा तोंडात घातला नाही.

पुढे दुसरी भट्टी गॅसवर आली आणि ह्यांना संधी मिळाली. मी देवापुढे साखर ठेवली. पण हयात तेलावर गेलेला माणूस. तेलाच्या भट्टीचा जरासा धूर दिसत राहिला की जाळ बरोबर लागलाय, हे ह्यांच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं. गॅसचा धूर काही दिसेना. ह्यांना चैन पडेना. धूर दिसावा म्हणून हे हवा कमी करत गेले, करत गेले, आणि न जळलेल्या गॅसचा भट्टीच्या दारातून असा भडका उडाला की ह्यांच्या भुवया गेल्या. नशीब, तेवढंच. साहेब म्हणाले, शेजाऱ्याच्या हाताखाली नीट शिका, नाहीतर परत तेलावर.

"माझ्याकडून शिकलेल्या पोराच्या हाताखाली?" हे घरी येऊन म्हणाले. "त्यापेक्षा तेल बरं." एवढं बोलतानाही दोनदा खोकले.

मी समजावलं, रडले, भांडले. ढिम्म हलेनात. शेवटी पदर खोचला आणि शेजारणीच्या दारात गेले. ज्या बाईला वर्षभर मनात शिव्या घातल्या, तिच्यापुढे तोंड उघडायचं म्हणजे जिवावर आलं होतं. मी एवढंच म्हटलं, "भावोजींना सांगशील? हे कुणाच्या हाताखाली जायला तयार नाहीत गं. आणि तेलावर राहिले तर काही खरं नाही."

ती भाकरी थापत होती. हातही न थांबवता म्हणाली, "एवढंच ना? उद्या आमचे येऊन म्हणतील, दादा, मला एकट्याला झेपत नाही, जरा माझ्यासोबत उभे राहा. मग तर जातील?"

हे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐटीत गेले, शेजाऱ्यावर उपकार करायला निघाल्यासारखे.

गॅसच्या भट्टीवरूनसुद्धा मला तिचा एवढा हेवा वाटला नव्हता, जेवढा त्या सकाळी वाटला.